शिवोलीचे गायक : रेमो फर्नांडिस आणि त्यांच्या ध्वनिफिती

सांताक्रूझ स्टेशनाच्या पूर्वेच्या अंगास उतरून वाकोल्याच्या वाटेला लागलें म्हणजे प्रथम भेटते ती वाहनांची दाटी. द्रुतगति महामार्ग, त्यावरील पूल, खालून मिठी नदीकडे जाणारा नाला, एवढें ओलांडलें कीं मुंबईचा एक जुना थर अजून हातीं लागतो. गल्लीच्या तोंडाशीं क्रूस उभा असतो. पुढें संत अंतोनीचें चर्च येतें. येथील ईस्ट इंडियन समाज पिढ्यान्‌पिढ्या मराठीचीच एक बोली बोलत आला. १७३९ सालीं चिमाजी अप्पांनीं वसई जिंकली, तोंपर्यंत साष्टीचा हा सारा मुलूख दोनशें वर्षें पोर्तुगीजांच्या अमलाखालीं होता, आणि त्या अमलाच्या खुणा नांवांत, पेहरावांत, पक्वान्नांत व सर्वांहून अधिक गाण्याबजावण्यांत राहून गेल्या. पुढें पोटापाण्यासाठीं गोव्याहून आलेलीं कुटुंबें धोबीतलावाच्या ‘कुडां’तून बाहेर पडून वांद्रें, सांताक्रूझ, कलिना, वाकोला अशीं उपनगरांत पसरलीं, तेव्हां या जुन्या थरावर दुसरा थर चढला. लग्नाच्या वरातींत पितळी वाद्यांचा बँड मराठी चाल वाजवितो, घरांत आजी कोंकणींत प्रार्थना म्हणते, नातू इंग्रजी गाणें गुणगुणतो, आणि यांत कांहीं विसंगत आहे असें त्या घरांतील कोणासही वाटत नाहीं.

बाहेरच्या माणसाला मात्र तें वाटतें. हें गाणें कोणाचें? देशी कीं विलायती? ज्या संगीतकारानें हा प्रश्न आपल्या साऱ्या आयुष्यभर अंगावर घेतला, ते रेमो फर्नांडिस आजच्या भाषणाचा विषय आहेत. त्यांचा जन्म ८ मे १९५३ रोजीं पणजीस झाला, घराणें बारदेशांतील शिवोलीचें. गीतें त्यांचीं, चाली त्यांच्या, कंठही त्यांचा, आणि पुष्कळदां वाद्येंही त्यांनींच वाजविलेलीं. अशा रीतीनें सर्वांगांनीं एकाच माणसाच्या हातचें असलेलें गाणें आपल्याकडे नवें नाहीं. कीर्तनकार व शाहीर हेंच करीत आले. परंतु ध्वनिमुद्रणाच्या धंद्यांत तसें गाणें जवळजवळ नव्हतेंच.

तें कां नव्हतें, हें समजण्यासाठीं गोव्याच्या वादकांची हकीकत थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. पोर्तुगीज अमदानींत गोव्याच्या खेडोखेडीं चर्चला जोडून शाळा असत. तेथें मुलास अक्षरओळखीबरोबरच स्वरलेखनाचीही ओळख होई, आणि बऱ्याच मुलांच्या हातांत व्हायोलिन पडे. गांवांत शेतीभातीवर भागेना; मग हीं मुलें मुंबईस येत. कोणी ताजमहाल हॉटेलांत जाझच्या वाद्यमेळांत बसे, कोणी मूकपटांच्या पडद्यापुढें वाजवी, आणि बोलपट आल्यावर चित्रपटांच्या वाद्यवृंदांत जाई. आपल्या संगीतदिग्दर्शकांना चाल सुचे. ती वीस-पंचवीस, प्रसंगीं शंभर वाद्यांकडून एकाच वेळीं कशी वाजवून घ्यावी, हें स्वरलेखन येणाऱ्या गोवेकरास ठाऊक असे. सेबॅस्टियन डिसोझा यांनीं शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांना जो वाद्यांचा साज चढविला, तो वजा केला तर त्या गाण्यांचें काय उरेल, याची कल्पना करून पाहावी. आपले पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, यांनीं ‘अलबेला’ (१९५१) मध्यें जो पाश्चात्त्य नृत्याचा रंग भरला, त्यामागें आंतोनियो झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट या ट्रंपेटवादकाचा हात होता. पण तबकडीवर यांपैकीं बहुतेकांचें नांव नसे. रोजाचा पैसा मिळे, श्रेय मिळत नसे.

या मंडळींत अँथनी गोन्साल्विस नांवाचे व्हायोलिनवादक होते. १९२७ सालीं गोव्यांत माजोर्डें गांवीं त्यांचा जन्म झाला. प्यारेलाल यांना व्हायोलिनचे धडे त्यांनींच दिले, आणि ‘अमर अकबर अँथनी’ (१९७७) मधील नायकास त्यांचें नांव मिळालें तें या शिष्याच्या कृतज्ञतेमुळें. त्या गाण्यावर साऱ्या देशानें ताल धरला. पण गाण्यांतलें नांव खऱ्या माणसाचें आहे, हें फारच थोड्यांना ठाऊक होतें. या गृहस्थांची खरी इच्छा निराळी होती. आपले राग पाश्चात्त्य सिंफनीच्या घाटांत बसवावे, म्हणून त्यांनीं १९५८ सालीं मुंबईच्या सेंट झेवियर कॉलेजांत मोठा वाद्यवृंद उभा करून जलसे केले. लता मंगेशकर व मन्ना डे त्यांत गायले. पण असा वाद्यवृंद पोसणें एकट्या माणसाच्या आवांक्याबाहेरचें होतें. प्रयोग थांबला, आणि गोन्साल्विस पुढें अमेरिकेस गेले. दोन संगीतें एकत्र आणण्याची विद्या गोवेकरांपाशीं होती; नव्हता तो पैसा, आणि स्वतःच्या नांवानें काम करण्याची सोय.

रेमो फर्नांडिस यांच्या हातीं ही सोय कशी आली, हीच त्यांच्या पहिल्या ध्वनिफितीची कथा आहे. लहानपणीं विलायतेहून परतलेल्या एका नातलगानें आणलेली रॉक-अँड-रोलची तबकडी त्यांनीं ऐकली आणि ते त्या संगीताच्या नादीं लागले. शाळेंत असतांनाच त्यांनीं सवंगड्यांचा बँड काढला. मुंबईस येऊन वास्तुशास्त्राची पदवी घेतली. अभ्यास चालू असतां ‘सॅव्हेजेस’ या त्या काळच्या नामांकित बँडमध्यें ते वाजवीत. १९७७ नंतर कांहीं वर्षें युरोप व उत्तर आफ्रिका येथें, वाटेंत मिळेल त्या वाहनानें, त्यांनीं भटकंती केली. पॅरिसमध्यें ‘रॉक सिनर्जी’ या बँडबरोबर १९७९ सालीं त्यांची एक तबकडीही निघाली. तेथेंच राहिले असते तर पश्चिमेंतील शेंकडों गिटारवादकांपैकीं एक झाले असते. ते शिवोलीस परत आले.

शिवोली हें गांव शापोरा नदीच्या कांठीं आहे. तेथें दर वर्षीं नाताळानंतर ‘जागर’ होतो. त्यांत हिंदु व ख्रिस्ती दोघेही भाग घेतात. रात्रभर सोंगें, गाणीं व वाद्यें चालतात. जून महिन्यांत सांजांवाच्या दिवशीं होड्या जोडून, त्या सजवून, लोक गात-वाजवीत नदींतून मिरवितात. (आणखी एक लहानशी गोष्ट : शिवोलीचें चर्चही, वाकोल्याच्या चर्चप्रमाणें, संत अंतोनीचेंच.) अशा गांवच्या माणसाला संगीताच्या मिश्रणाची दीक्षा युरोपांत घ्यावी लागली असेल, असें मानण्याचें कारण नाहीं. प्रवासानें त्यांना एवढेंच शिकविलें असावें कीं, घरीं जें चालतें तें तबकडीवर घालण्याजोगें आहे.

कोणतीही कंपनी हें घालावयास तयार नव्हती. गोव्यावर इंग्रजींत लिहिलेलीं गाणीं कोण घेणार, हा व्यापाऱ्याचा प्रश्न अगदींच खोटा म्हणतां येत नाहीं. तेव्हां रेमो यांनीं घरींच ध्वनिमुद्रण करावयाचें ठरविलें. चार पट्ट्यांचें मुद्रणयंत्र १९७९ पासून बाजारांत मिळूं लागलें होतें. साध्या कॅसेटच्या फितीवर दोन बाजूंचे मिळून चार अरुंद पट्टे असतात, दोन जातांना व दोन येतांना वाजणारे. हें यंत्र ते चारही पट्टे एकाच दिशेनें वापरतें आणि प्रत्येकावर निरनिराळें मुद्रण करतें. पहिल्यावर ढोल मुद्रित करावा. तो कानांशीं ऐकत दुसऱ्यावर बास, तिसऱ्यावर गिटार. मग या तिन्ही मिळून चौथ्यावर उतरवाव्या आणि पहिले तीन पट्टे पुसून पुन्हां मोकळे करावे. आतां त्यांवर बांसरी यावी, गळा यावा, गळ्याला दुसऱ्या सुरांत साथ देणारा आपलाच दुसरा गळा यावा.

हें सांगावयास सोपें आहे. करतांना मात्र दोन अडचणी पदोपदीं आड येतात. प्रत्येक उतरवणीबरोबर फितीची खरखर वाढते, आणि एकदां एकत्र केलेले सूर पुन्हां वेगळे करतां येत नाहींत. ढोल जरा मोठा राहिला, तर तो कायमचाच मोठा राहिला! वाद्यवृंदाच्या दिवाणखान्यांत दहा माणसें मिळून जो निर्णय उद्यांवर टाकूं शकतात, तो येथें एकट्यानें त्या क्षणीं घ्यावा लागे. चारच पट्टे असल्यामुळें प्रत्येक वाद्याला आपली जागा कमवावी लागते. रेमो यांच्या या काळांतील गाण्यांत जी मोकळीक जाणवते, एक वाद्य दुसऱ्याच्या पायांत येत नाहीं असें जें वाटतें, त्याचें निम्में श्रेय या दारिद्र्याला द्यावें लागेल.

अशा रीतीनें १९८४ सालीं ‘गोअन क्रेझी’ तयार झाली. गीत, चाल, गायन, वादन, मुद्रण, वेष्टनाचें चित्र, सर्व एकहातीं. विक्रीही तशीच. कॅसेटी घेऊन ते आपल्या पिवळ्या स्कूटरवरून दुकानोदुकानीं फिरले. दुकानदारानें चार ठेवून घ्याव्या, त्या खपल्या म्हणजे आणखी मागाव्या, असा तो व्यवहार. फीत गोव्यांत घरोघर गेली, मुंबईच्या गोवेकरांनीं ती सुट्टीहून परततांना बरोबर आणली, आणि मोठ्या कंपन्या मागाहून जाग्या झाल्या. सेबॅस्टियन डिसोझा व अँथनी गोन्साल्विस यांच्या पिढीला जें साधलें नाहीं, तें त्यांच्याच मातींतल्या एका माणसानें घराच्या एका खोलींत साधलें : वेष्टनावर एकच नांव होतें आणि तें खरें होतें.

दुसऱ्याच वर्षीं, १९८५ सालीं, ‘ओल्ड गोअन गोल्ड’ आली. हीमध्यें रेमो यांनीं नवें रचण्याऐवजीं कोंकणी व पोर्तुगीज भाषांतील जुनीं लोकप्रिय गाणीं घेतलीं आणि त्यांना गिटार-ढोलाचा नवा साज दिला. या ठिकाणीं जरा थांबलें पाहिजे, कारण जुनीं म्हणून जीं गाणीं, तीं तरी कोठें निर्भेळ होतीं? गोव्यांतही एक साष्टी आहे, आणि तेथील सुखवस्तु ख्रिस्ती घरांत एकोणिसाव्या शतकांत ‘मांडो’ हा गीतनृत्याचा प्रकार फुलला. स्त्रिया व पुरुष समोरासमोर दोन रांगांत उभे राहतात, हातांत पंखा असतो, पावलें संथ पडतात. गाणें कोंकणी, विषय बहुधा प्रीति व ताटातूट. पण दोन गळे एकाच सुरांत न गातां एकमेकांना समांतर अशा निराळ्या सुरांत गातात, ही पद्धति युरोपांतून आलेली. साथीला व्हायोलिन, आणि त्याच्या शेजारीं घुमट.

घुमट म्हणजे मातीचा घडा. त्याचें मोठें तोंड चामड्यानें मढवितात, लहान तोंड उघडें राहतें. एका हातानें वाजवावें आणि दुसऱ्या तळव्यानें तें उघडें तोंड झांकीत-उघडीत नाद कमी-अधिक करावा. पूर्वीं त्यावर घोरपडीचें कातडें असे. वन्य प्राण्यांच्या रक्षणाचा कायदा आल्यावर बकऱ्याचें कातडें लावूं लागले. गणेशचतुर्थीला गोव्याच्या हिंदु घरांत ज्या घुमट आरत्या होतात, त्याही याच वाद्यावर. २०१९ सालीं गोवा सरकारनें त्याला राज्याचें वारसावाद्य म्हणून मान दिला. ख्रिस्ती दिवाणखान्यांतला मांडो आणि हिंदु माजघरांतली आरती एकाच मडक्यावर ताल धरतात, हें ज्यानें पाहिलें आहे त्याला रेमो यांनीं मांडोच्या काळच्या गाण्यांशेजारीं गिटार बसविली याचा धक्का बसूं नये. मांडोनंतर द्रुत लयींत ‘दुल्पद’ येतें आणि सारी बैठक ठेक्यावर डोलूं लागते. त्या दुल्पदापासून रॉकच्या ठेक्यापर्यंतचें अंतर वाटतें तेवढें लांब नाहीं.

तरी आक्षेप आलेच. एक ना धड, भाराभर चिंध्या, असें म्हणणारे होते. आणि गोव्याचा गायक इंग्रजींत कां गातो, हा प्रश्न तर त्या वर्षांत विशेष झोंबणारा होता. कोंकणी व मराठी यांचा वाद तेव्हां गोव्यांत टिपेला पोंचला होता. १९८७ सालीं देवनागरींतील कोंकणी राजभाषा झाली, सरकारी कामांत मराठीच्या वापराचीही तरतूद राहिली, आणि त्याच वर्षीं ३० मे रोजीं गोवा स्वतंत्र राज्य बनलें. माणसें भाषेसाठीं रस्त्यावर उतरत असतां इंग्रजींत गाणें म्हणजे पळवाट, असें कोणास वाटलें तर तें अगदींच अकारण नव्हतें. या आक्षेपाला रेमो यांच्या फितींत पूर्ण उत्तर मिळत नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. गोव्याच्या शेतावरचा व होडीवरचा माणूस त्यांच्या इंग्रजी गीतांतला विनोद कितपत समजला असेल, याची शंकाच आहे.

पण मिश्रणाच्या आक्षेपाला उत्तर द्यावयास मराठी माणसानें गोव्यास जाण्याचें कारण नाहीं. अण्णासाहेब किर्लोस्करांनीं १८८० सालीं ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणलें तें कीर्तनाच्या, लावणीच्या व कर्नाटकी चाली एकत्र घेऊन. गोविंदराव टेंब्यांनीं ‘मानापमाना’ला १९११ सालीं पूरबी ठुमरीच्या चाली दिल्या. केशवराव भोळे यांनीं १९३३ सालीं ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकाच्या संगीतांत जुनी मैफल मोडून नवें भावगीत आणलें, तेव्हां तेंही कित्येकांना विलायतीच वाटलें होतें. आज यांतल्या कशालाही कोणी भेसळ म्हणत नाहीं. परक्या चालीवर आपले शब्द नीट उभे राहतात कीं नाहीं, एवढेंच पाहावयाचें असतें, आणि तेथें प्रत्येक गाण्याचा न्याय निराळा होतो.

‘पॅक दॅट स्मॅक’ (१९८६) या फितीचा न्याय गाण्यापेक्षां धाडसावर करावासा वाटतो. शिवोलीपासून हांकेच्या अंतरावर हणजुण व वागातोरचे समुद्रकिनारे आहेत. परदेशी भटक्यांबरोबर तेथें अफूपासून बनविलेलें विष आलें आणि स्थानिक तरुण त्याला बळी पडूं लागले. रॉकचें संगीत आणि नशा यांची सांगड जगभर घातली जात असतां त्याच संगीताचा उपयोग नशेविरुद्ध करणें सोपें नव्हतें; ज्यांच्यासाठीं गाणें त्यांनाच तें प्रवचन वाटण्याचा धोका होता. रेमो यांनीं प्रवचनाचा सूर टाळून चिडलेल्या मित्राचा सूर लावला. पुढल्या वर्षींची ‘बॉम्बे सिटी’ मुंबईकडे वळली. विद्यार्थी म्हणून ज्या शहरांत ते राहिले, त्याच्याकडे आतां त्यांनीं पाहुण्याच्या थट्टेखोर नजरेनें पाहिलें.

याच सुमारास त्यांच्या आयुष्यांतली सर्वांत बोलकी घटना घडली. १९८६ सालीं पंतप्रधान राजीव गांधी गोव्यास आले. त्यांच्यापुढें व्हावयाच्या कार्यक्रमांत रेमो यांना गाण्यास सांगण्यांत आलें. सरकारी समारंभांत गायकानें काय गावें याचे संकेत ठरलेले असतात. रेमो यांनीं पंतप्रधानांना नांवानें हांक मारून सुरू होणारें गाणें रचलें आणि त्यांत स्वागताबरोबरच गोव्याचीं गाऱ्हाणींही मोकळेपणानें सांगितलीं. पाहुणे ऐकत राहिले. पण दुसऱ्या दिवसापासून वृत्तपत्रांत स्थानिक पुढाऱ्यांचा गहजब सुरू झाला, कीं पंतप्रधानांचा अपमान झाला. रेमो यांनीं वादांत न पडतां तीं कात्रणें एका पत्रासह सरळ पंतप्रधानांकडे धाडून दिलीं. उत्तर आलें : त्यांना व त्यांच्या पत्नीस कार्यक्रम आवडला होता! गहजब तेथेंच निवाला. दरबारांत उभें राहून राजाला दोन गोष्टी ऐकविणारा गोंधळी किंवा शाहीर आपल्या परंपरेस परका नाहीं. त्याच्या हातीं तुणतुण्याऐवजीं गिटार होती, म्हणून तो कांहींना ओळखूं आला नाहीं, इतकेंच.

पुढचा प्रवास थोडक्यांत सांगतां येतो. श्याम बेनेगल यांच्या ‘त्रिकाल’ (१९८५) या गोव्याच्या जुन्या घराण्यावरील चित्रपटांत ते गायले व दिसलेही. ‘जलवा’ (१९८७) चें शीर्षकगीत व ‘बॉम्बे’ (१९९५) मधील ए. आर. रेहमान यांचें एक द्रुत गीत हिंदींत गाऊन ते अशा लाखों घरांत पोंचले, जेथें त्यांची एकही कॅसेट कधीं गेली नव्हती. ‘पॉलिटिशियन्स डोन्ट नो टू रॉक अँड रोल’ (१९९२) या फितींत राजकारणावरील उपहास पुन्हां आला, आणि १९९८ सालीं ‘ओ मेरी मुन्नी’ ही हिंदी गीतांची फीत निघाली. २००७ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली, २०२१ सालीं त्यांचें आत्मचरित्र इंग्रजींत प्रसिद्ध झालें.

हिंदी गीतांनीं त्यांना कीर्ति दिली. पण ती कीर्ति पुन्हां कंठापुरतीच उरली. चाल दुसऱ्याची, शब्द तिसऱ्याचे, वाद्यमेळ चौथ्याचा. शिवोलीच्या खोलींतला माणूस त्या गाण्यांत शोधूनही सांपडत नाहीं. पुढल्या वर्षांतल्या मुद्रणांत पट्टे चाराचे पुष्कळ झाले, यंत्रें सुधारलीं, खरखर गेली. आणि जागा कमवावी लागत नसल्यामुळें वाद्येंही वाजवीपेक्षां अधिक झालीं. उपहासगीतांनाही काळ लागतोच : ज्या पुढाऱ्यावर गाणें होतें तो विस्मृतींत गेला म्हणजे गाण्याची धार जाते. ‘गोअन क्रेझी’तील यांत्रिक ढोलाचा पोकळ आवाज आजच्या कानांना जुनाट लागेल. त्यांचा गळा शिकलेल्या गवयाचा नाहीं. त्यांत बोलण्याचा लहेजा अधिक, आणि म्हणूनच तो गप्पांच्या गाण्यांत शोभतो व गंभीर चालींत कोठें कोठें उघडा पडतो.

ज्या घरांत त्यांच्या जुन्या कॅसेटी अजून शिल्लक आहेत त्यांनीं एक खबरदारी घ्यावी. चुंबकीय फीत वर्षानुवर्षें न वाजवितां ठेवली, विशेषतः मुंबईसारख्या दमट हवेंत, तर तिच्यावर बुरशी धरते, थर एकमेकांस चिकटतात आणि मुद्रण फितीवरून सुटूं लागतें. जाणत्या माणसाकडून ती एकदां नव्या साधनावर उतरवून घ्यावी. ऐकण्याचा क्रम विचाराल तर आरंभ ‘ओल्ड गोअन गोल्ड’नें करणें बरें, आणि तोही एकट्यानें नव्हे. वाकोल्यांत, कलिन्यांत किंवा वांद्र्यांत एखाद्या घरीं सत्तरी ओलांडलेल्या गोवेकर आजी असतीलच. त्यांना शेजारीं बसवावें. रेमो यांनीं चालींत कोठें बदल केला, कोणता शब्द सोडला आणि त्यांच्या गांवीं तें गाणें कसें म्हणत, हें त्या दुसऱ्या कडव्यापासूनच सांगूं लागतील.